जागल्याला सांगायचं कुणी?

आपल्याकडे सत्कार होतो तो चालू करणाऱ्याचा. पाण्याच्या टाकीचा पंप सुरू व्हायचा असला की मांडव पडतो, आमदार येतात, नारळ येतो, फीत येते, कात्री तेवढी ऐनवेळी सापडत नाही. कळ दाबतानाचा फोटो चौकात लागतो आणि पंप जळून गेल्यावरही पुढच्या निवडणुकीपर्यंत लटकत राहतो. तोच पंप संध्याकाळी बंद करायला कुणी प्रमुख पाहुणे बोलावल्याचं ऐकिवात नाही. बंद करणं हे काम शिपायाचं. तोही जागेवर नसला तर लोडशेडिंगचं.

निदान वर्धा जिल्ह्याने तरी बंद करण्याच्या कामाला इतकं हलक्यात घेऊ नये. जगातली एक फार मोठी यंत्रणा बंद करण्याची आज्ञा आमच्याच गावातून सुटली होती. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात बसून, ब्रिटिशांनी आता जावं, असा ठराव केला. 8 ऑगस्टला मुंबईत महासमितीने त्यावर शिक्का मारला. ठराव करणाऱ्यांत वकिलांची कमी नव्हती, तरीसुद्धा भाषा स्पष्ट होती. हेही एक नवलच. यंत्रणेने काय केलं? आधी आज्ञा देणाऱ्यांनाच आत टाकलं. मग पाच वर्षं 'बंद होत आहे, कृपया थांबा' चाललं. 15 ऑगस्ट 1947 ला मुख्य कळ फिरली, पण शेवटची ब्रिटिश पलटण गेटवे ऑफ इंडियातून निघाली ती 28 फेब्रुवारी 1948 ला. आणि आमच्या जिल्ह्यातला पुलगाव-आर्वी हा छोटा रेल्वेमार्ग! लोक ज्या गाडीला 'शकुंतला' म्हणायचे, तिचे रूळ साहेबाच्या काळातल्या खासगी कंपनीच्या नावावरच राहिले. इतर रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, हिचं करायचं राहून गेलं. राज्य बंद झालं आणि एक काम मागे चालूच राहिलं.

हा इतिहास आत्ता आठवला त्याला कारण माझ्या एका मित्राचं हिंगणघाटकडचं जिनिंग आणि तिथल्या काट्यावरचा कॉम्प्युटर.

कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये काट्याशिवाय पान हलत नाही. बंडी असो, ट्रॅक्टर असो की मेटॅडोर, आधी काट्यावर उभं राहायचं. भरल्या गाडीचं वजन, मग कापूस ढिगावर रिकामा, मग परत येऊन रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींची वजाबाकी कॉम्प्युटर करतो, चिठ्ठी छापतो आणि त्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचे पैसे. हा कॉम्प्युटर म्हणजे टेबलाखाली ठेवलेला एक लोखंडी डबा. त्याच्या नाकातोंडात वर्षभर रुई जाते. विजेचा दाब सकाळी एक, दुपारी एक. अशा परिस्थितीत माणूसही अडकला असता, डबा तर अडकायचाच. रात्री दोन वाजता दारात गाड्यांची रांग, शेतकरी घोंगडी पांघरून चिडलेले आणि पडद्यावरचा आकडा गोठलेला. मग कुणीतरी टेबलाखाली शिरायचं आणि बटण दाबून धरायचं. एवढ्यासाठी दिवाणजींनी एक पोरगा रात्रपाळीला ठेवला होता. तो टेबलाखालीच झोपायचा, त्यामुळे बटण सापडायचं, पण पोरगा उठायचा नाही.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. तो संगणकाच्या धंद्यातला. डब्याच्या पोटात डोकावून तो म्हणाला, "मामा, यात वॉचडॉग आहे की! नुसता बसून पगार खातोय. कुणी कामालाच लावला नाही त्याला."

हा वॉचडॉग भुंकत नाही. तो चिपेत बसवलेला, उलटे आकडे मोजणारा एक काउंटर. साठपासून मोजायला लागतो: एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. तो शून्यावर यायच्या आत एका छोट्या प्रोग्रामने येऊन त्याला थोपटायचं, की पुन्हा साठ. थोपटायला कुणी आलं नाही तर तो समजतो की यंत्र अडकलं. मग तो चौकशी करत नाही, नोटीस काढत नाही, सरळ रीसेट करतो आणि अख्खं यंत्र नव्याने सुरू होतं. बाकीचं यंत्र गोठलं तरी याची मोजणी थांबत नाही, कारण ती मुख्य प्रोग्रामच्या भरवशावर ठेवलेलीच नसते.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा नाही. रानडुकरं आणि रोही रात्रीतून उभं पीक लोळवतात, म्हणून शेतात माळा बांधून जागल्या बसवतात. पहाटेच्या सुमाराला झोप आवरत नाही, तेव्हा शेजारशेजारच्या शेतांतले जागले एकमेकांना हाळी देतात. हाळीला उत्तर आलं की दोघंही जागे. उत्तर आलं नाही की शेजारचा उतरतो, काठी घेऊन बांध ओलांडतो आणि याला हलवून उठवतो. वॉचडॉग म्हणजे हा बांधापलीकडचा जागल्या.

भाच्याने वॉचडॉग कामाला लावला. त्या हंगामात डबा अडकला की मिनिटभरात आपला आपण उठून बसायचा. टेबलाखालचा पोरगा सरकीच्या गोदामाकडे गेला आणि तिथे जास्त चांगली झोप लागते म्हणून खूश झाला. दिवाणजींनी भाच्याला चहा पाजला. कापसाच्या भावाबद्दल आजवर ज्यांच्या तोंडून चांगला शब्द निघालेला नाही, त्या दिवाणजींच्या लेखी हा भारतरत्नच.

चहा पिता पिता भाच्याने त्यांना सांगितलं की हीच युक्ती रेल्वेच्या इंजिनात असते. वर्धा आणि सेवाग्राम या दोन जंक्शनांवरून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नईच्या गाड्या रात्रंदिवस धडधडत असतात. इंजिनात व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस नावाचं यंत्र लोको पायलटवर लक्ष ठेवून असतं. साठ सेकंदांत त्याने वेग बदलला नाही, ब्रेकला हात लावला नाही, भोंगा वाजवला नाही, साधी पोच देणारी कळही दाबली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो. आणखी आठेक सेकंद गेले की कर्कश बझर वाजतो. आणखी आठेक सेकंद गेले की यंत्र स्वतःच ब्रेक लावून गाडी उभी करतं. पायाखालची कळ जेवणाचा डबा ठेवून कायमची दाबून ठेवावी म्हणाल, तर नव्या थ्री-फेज इंजिनांत तेही चालत नाही. कळ दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची.

"म्हंजे डायवरले दर मिनटाले सांगा लागते का मी जित्ता हाव?" दिवाणजींनी विचारलं.

"हो."

"आन् नाही सांगतलं तं?"

"तर गाडी थांबते."

दिवाणजी विचारात पडले. आपल्या जिनिंगमधल्या काही माणसांना हे यंत्र लावलं तर जिनिंग दर मिनिटाला थांबेल, असा हिशेब त्यांनी बहुधा मनात केला.

भाचा रंगात आला होता. त्याने गोष्ट अंतराळात नेली. 1994 साली अमेरिकेचं क्लेमेंटाइन यान चंद्राचा नकाशा काढून पुढे एका लघुग्रहाकडे निघायचं होतं. मे महिन्यात त्याचा संगणक भरकटला आणि यान दिशा वळवायची छोटी इंजिनं इंधन संपेपर्यंत फुंकत बसलं. यानात वॉचडॉग होता, पण घाईगर्दीत त्याला वापरणारा प्रोग्राम लिहायचा राहिला होता. पद मंजूर, नेमणूक बाकी! 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरची कथा याच्या उलट. तिथे वॉचडॉग कामावर होता आणि कर्तव्यदक्ष होता. हवामानाच्या नोंदी घेणारं एक कमी महत्त्वाचं काम सामायिक साधनाची किल्ली आपल्याजवळ धरून बसायचं, दुसरीच कामं त्याच्या पुढे घुसायची आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम दाराशी ताटकळायचं. वॉचडॉगला वाटायचं, यंत्र अडकलं. की केलं रीसेट. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तोच घोळ आपल्याकडच्या जुळ्या यंत्रावर घडवून पाहिला आणि दुरुस्ती मंगळावर धाडली. किल्ली एकाजवळ, गरज दुसऱ्याला आणि मधले तिसरेच लोक कामात गर्क, हे आपल्याकडे कुठल्याही कचेरीत रोज दिसतं. मंगळावर झालं म्हणून त्याची बातमी झाली.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं. घोळ झाला तो हंगाम संपल्यावर.

उन्हाळा लागला, पारा पंचेचाळीसच्या वर गेला, कापूस यायचा थांबला. दिवाणजींनी शेवटची चिठ्ठी फाडली, कॉम्प्युटरला रीतसर बंद व्हायची आज्ञा दिली, टेबलावर चादर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि टोपी डोक्यावर चढवली. ते फाटकापर्यंत पोहोचतात तोच बंद खोलीतून 'टिंग' असा आवाज आला आणि चादरीखाली उजेड पडला.

दिवाणजी परत आले. बंद केलं. बाहेर बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. असं रात्र पडेपर्यंत चाललं. पहिल्या खेपेला त्यांनी स्वतःवर संशय घेतला, दुसऱ्या खेपेला चौकीदारावर आणि त्यानंतर थेट त्या जागेवर. जिनिंग बांधायच्या आधी तिथे काय होतं, याची चौकशी गावातल्या म्हाताऱ्यांकडे सुरू झाली. दुसऱ्या दिवशी डब्याला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. त्याने रुई अडते, असंही कुणीतरी म्हणालं.

शेवटी त्यांनी माणसासारखा माणूस करतो तेच केलं: भिंतीवरची पिन उपटली. यूपीएस किंचाळायला लागला. वीज गेली तर डबा बंद पडू नये, याचसाठी त्याला ठेवलेलं. त्याने प्राण पणाला लावून बॅटरी संपेपर्यंत डबा चालू ठेवला. मग एकदाची शांतता झाली. सकाळी झाडू मारणाऱ्या पोराने पिन निघालेली पाहिली आणि चांगलं काम करतोय अशा समजुतीने परत लावली. डब्यात आणखी एक सोय करून ठेवलेली होती: वीज गेली आणि परत आली तर आपणहून सुरू व्हायचं. लोडशेडिंगच्या मुलखात ही सोय करावीच लागते. पुन्हा टिंग.

एका डब्यावर तीन राखणदार होते आणि तिघंही इमानी. डबा मेला तर उठवायचा, हे प्रत्येकाला शिकवलेलं. तो मेला नसून त्याला निजवलंय, हे एकालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

दिवाणजींनी पुण्याला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"बाबू, तुह्या कुत्र्यानं तं पागल करून टाकलं आमाले. म्या बंद करून रायलो, तो चालू होऊन रायला!"

"दिवाणजी, बंद होताना पडद्यावर काय येतं?"

"काय येते? विंग्रजी येते."

"फोटो काढून पाठवा."

फोटोत निम्मा पडदा होता आणि निम्मा दिवाणजींचा अंगठा. पण काम भागलं. अंगठ्याच्या कडेला एक ओळ स्पष्ट दिसत होती: 'वॉचडॉग डिड नॉट स्टॉप!' उद्गारचिन्हासकट. भाच्याने अर्थ सांगितला: वॉचडॉग थांबला नाही.

"म्हंजे त्याले मालूम हाये?" दिवाणजींचा आवाज चढला. "मालूम असून थांबून नाही रायला? आन् वरून आपल्यालेच सांगून रायला?"

या प्रश्नाला पुण्याहून बराच वेळ उत्तर आलं नाही. दिवाणजी वॉचडॉग असते तर त्यांनी तेवढ्यात पुणं रीसेट केलं असतं.

आत काय घडत होतं, ते भाच्याने नंतर मला उलगडून सांगितलं. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांत सिस्टमडी नावाचा एक कारभारी असतो. बंद व्हायची आज्ञा आली की तो चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामना सांगतो: मंडळी, आवरतं घ्या. जो उठत नाही त्याच्यासाठी तो नेमाने दीड मिनिट थांबतो. 'थांबवण्याचं काम चालू आहे' अशी ओळ पडद्यावर सरकत राहते. दीड मिनिट झालं की मग तो हात धरून बाहेर काढतो. सगळे गेले की फायलींची दप्तरं बांधतो आणि शेवटी विजेची कळ फिरवतो.

आता वॉचडॉगला थोपटणारा जो प्रोग्राम, तो गुणी मुलगा. आवरा म्हटल्याबरोबर पहिला उठून गेला. हंगामभराची वजनं कवटाळून बसलेला नोंदींचा प्रोग्राम मात्र दुपारच्या जेवणानंतर कचेरीत बसलेल्या माणसाच्या चपळाईने उठायचा. त्याला दीड मिनिट लागायचं. तिकडे थोपटणारा निघून गेल्यामुळे वॉचडॉगची मोजणी चालू झालेली. मुदत साठ सेकंद, आवरायला लागणार नव्वद. म्हणजे घर रिकामं व्हायच्या तीस सेकंद आधीच वॉचडॉग काठी घेऊन हजर. त्याने रीसेट केला की यंत्र पुन्हा पहिल्यापासून. अर्धवट मिटलेल्या वह्या उघडून तपासायच्या, त्यामुळे पुढच्या खेपेला आवरायला आणखी उशीर. दिवाणजी उन्हाळाभर आज्ञा देत बसले असते तरी डबा बंद झाला नसता, आणि दर खेपेला प्रत्येकाने आपापलं काम चोख बजावलं असतं.

शेत निघालं, माल घरी आला, जागल्या गादीवर झोपला. बांधापलीकडच्याला कुणी कळवलं नाही. त्याने हाळी दिली, उत्तर आलं नाही. तो बिचारा काठी घेऊन थेट याच्या घरी आला आणि याला झोपेतून उठवून रिकाम्या शेतात नेऊन बसवलं. यात बांधापलीकडच्याचा काय दोष?

वॉचडॉगची अडचण अशी की त्याच्या लेखी गप्प आणि गार या दोन अवस्थांत फरक नाही. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. सोमवार त्यांचा मौनाचा दिवस. बोलायचं नाही, फारच गरज पडली तर कागदाच्या कपट्यावर लिहायचं. बापूंच्या कुटीत वॉचडॉग बसवला असता तर दर सोमवारी सकाळी साठ सेकंदांत त्याने देशाचं नेतृत्व रीसेट केलं असतं. आणि मंगळवारी, बापूंना बोलायला सुरुवात केलेली पाहून, आपण वेळेवर धावून गेलो म्हणून त्याने समाधानाचा सुस्कारा सोडला असता. पहाऱ्यावरच्या माणसाला असं समाधान फार लवकर मिळतं. काही घडलं नाही तर ते आपल्या पहाऱ्यामुळे, आणि घडलं तर पहारा आणखी कडक हवा.

मग हा वॉचडॉग थांबवायचा कसा? लिनक्स लिहिणाऱ्यांनी त्यासाठी एक परवलीचं अक्षर ठेवलंय. थोपटणाऱ्याने निरोप घेताना व्ही हे एकच अक्षर लिहून दार लावलं, की वॉचडॉग समजतो: हा शहाणपणाने गेलाय, कोलमडून पडलेला नाही. मग तो मोजणी थांबवतो. अक्षर न लिहिता दार लागलं तर घातपात समजायचं आणि मोजत राहायचं. सोय उत्तम आहे. पण याच्याही वरचढ एक सोय आहे, नोवेआउट नावाची. ती लावली की अक्षर लिहा, हात जोडा, साष्टांग घाला, एकदा सुरू झालेला वॉचडॉग थांबत नाही. काही चिपा तर जन्मतःच अशा. भाच्याने ही सोय लावून ठेवली होती. जिनिंगच्या रात्रपाळीवर त्याचा विश्वास नव्हता. त्या पोराला टेबलाखाली झोपलेला ज्याने पाहिलाय, त्याला यात दोष दिसणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? बंद करायच्या वेळी सगळ्यांत आधी वॉचडॉगलाच घरी पाठवावं, म्हणजे कटकट मिटली. मलाही तसंच वाटलं होतं. पण भाच्याने दुसरं चित्र उभं केलं. समजा यंत्र दिवाणजींच्या टेबलाखाली नसून बोरच्या जंगलालगतच्या एखाद्या टॉवरवर आहे. रात्री दुरून आज्ञा दिली: एकदा बंद होऊन परत चालू हो. वॉचडॉग आधीच सुट्टीवर गेला आणि यंत्र नेमकं बंद होता होता अडकलं. पूर्ण मेलेलं नाही, जिवंतही नाही. पडद्यावर 'बंद होत आहे'. आता बटण दाबायला माणूस कोण पाठवणार? ज्या रानात वाघ आहेत तिथे 'जरा जाऊन बटण दाबून ये' असं सांगायला भलताच जवळचा माणूस लागतो. यंत्रं अडकतात ती बरेचदा अशीच निघता निघता. सगळ्यांनी एकाच वेळी चपला शोधायला घेतलेल्या असतात आणि कुणाचा पाय कुणाच्या चपलेत, याचा पत्ता नसतो. पहाऱ्याची खरी गरज असते ती याच घटकेला.

म्हणून शहाण्या लोकांनी मधला मार्ग काढला. पहारा शेवटपर्यंत ठेवायचा, पण निघायच्या वेळी त्याची मुदत ढिली करायची. सिस्टमडीने परत चालू होण्यासाठी ठरवलेली मुदत चांगली दहा मिनिटांची आहे. तीही प्रोग्राम उठून गेल्यावर, शेवटच्या आवराआवरीपासून मोजायची. दहा मिनिटांत दप्तरं बांधून झाली तर उत्तम. नाही झाली तर वॉचडॉग रीसेट करतो, आणि त्यात नुकसान थोडं, कारण तुम्हाला यंत्र परत चालूच व्हायला हवं होतं. तो तुमचंच काम जरा दांडगाईने करतो, इतकंच.

मात्र कायमचं बंद व्हायचं असेल तेव्हा हाच जागल्या वैरी ठरतो. तेव्हा तुम्हाला अंधार हवा असतो आणि तो उजेड करतो. थांबता येणारा वॉचडॉग असेल तर निजण्याआधी परवलीचं अक्षर लिहून त्याला मोकळं करायचं. न थांबणारा असेल तर त्याची मुदत संपायच्या आत विजेची कळ फिरवायची. म्हणजे सगळा प्रश्न एका वाक्यात येतो: परत यायचंय, की नाही? हे एकदा धडपणे सांगितलं की वॉचडॉग, यूपीएस, कारभारी सगळे मुकाट्याने आपापलं काम करतात. त्यांची हुज्जत नसते. ज्याला आज्ञा द्यायची असते, त्याचंच ठरलेलं नसतं, आणि पहारेकऱ्याला अंदाजाने वागावं लागतं. पहारेकरी अंदाजाने वागायला लागला की टिंग होतं. 1942 ची आज्ञा पाच वर्षांनी का होईना पार पडली, कारण तिच्यात परत यायची सोय ठेवलेली नव्हती.

जूनच्या तोंडाशी भाचा दोन दिवस गावी आला. त्याने नोवेआउट काढलं, थोपटणाऱ्याला शेवटी निघायची शिस्त लावली, निघताना व्ही लिहायला शिकवलं, वीज आल्यावर आपणहून सुरू व्हायची सोय बंद केली. डबा बंद करून दाखवला. आम्ही सगळे श्वास रोखून बाकावर बसलो. टिंग झालं नाही. दिवाणजींनी लिंबू-मिरची सोडून ठेवली, फेकली मात्र नाही.

आता एकच बारीक गोष्ट उरली होती. भाच्याने माझ्या मित्राला, म्हणजे जिनिंगच्या मालकालाच विचारलं, "शेठजी, हा आता दिवाळीपर्यंत पूर्ण बंद ठेवायचा, की मधेच माल आला तर पुण्याहून मी चालू करू शकेन, असा ठेवायचा? दोन्हींची मांडणी वेगळी आहे. एकदा सांगा, तसं करून जातो."

शेठजींनी सरकीच्या ढिगाकडे पाहिलं. ढगांकडे पाहिलं. मोबाइलवर कापसाचे भाव पाहिले. मग फार विचार करून म्हणाले, "पाहू."

भाच्याने लॅपटॉपवर हात ठेवला तो ठेवलाच. परत चालू होण्याची आज्ञा त्याच्याजवळ होती, कायमचं बंद होण्याची होती, दहा मिनिटं कळ काढण्याचीही होती. 'पाहू' कुठल्याच पुस्तकात नव्हतं. शेठजींकडून आणखी काही निघेल म्हणून त्याने वाट पाहिली. शेठजी पान लावायला घेत होते.

दिवाणजी उठले. त्यांनी डब्याची वायर मागून उपटली, यूपीएसची उपटली, भिंतीवरची उपटली. तिन्हींची गुंडाळी केली, लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली.

"चाल बाबू, चहा पिऊ," ते भाच्याला म्हणाले. "आता किती पाहाचं तितकं पाहू दे शेठले."